वाघोबापाशी उरलेला खडा

मुरबाडच्या डोंगरात आम्ही डोंबिवलीचे सहा जण दोर लावून कडे उतरायला जायचो, तेव्हा पाड्यावरचा एक ठाकर वाटाड्या म्हणून यायचा. बोलायच्या आधी तो तोंडातली विडी विझवून कानावर खोचायचा. आमच्या नव्याकोऱ्या दोराला त्याने कधी हात लावला नाही. त्याचा भरवसा पायथ्याच्या वाघोबा देवावर. चढताना प्रत्येकाने तिथे एक खडा ठेवायचा, उतरल्यावर आपापला उचलायचा, ही त्याची शिस्त.

एकदा गंमत म्हणून मी गुपचूप दोन ठेवले आणि परत येऊन एकच उचलला.

"येक जण वर रायला," उरलेला खडा बघून तो म्हणाला.

"मामा, सगळे आलोय की!" मित्र हसले. "मोजा ना, सहा!"

"मग ह्यो कुनाचा?"

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. तो पुन्हा चढायला लागला. मला सांगायचं होतं, पण मी बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. तासभर वरून त्याच्या हाका येत होत्या. मग त्या थांबल्या.

दिवस मावळता मावळता तो आला, गुडघा फुटलेला. कानावरची विडी पेटवून पाड्याकडे चालू लागला.

पुढच्या खेपेला वाघोबापुढे सगळे जण खडे ठेवत होते. त्याने फक्त माझी मूठ उघडून पाहिली.