नवव्या हिश्श्यासाठी पोलादपूरला

वरंधा घाट उतरताना एस.टी. जितक्या वेळा वळली तितक्या वेळा माझी पिशवी बाकाखाली इकडून तिकडे गेली. महाडला उतरून पाहतो तो शाईच्या गादीची डबी उघडलेली, आणि धुतलेल्या धोतरावर जांभळे डाग. डबी बंद करताना माझा अंगठाही माखला. ही गादी मी पुण्याहून मुद्दाम विकत आणली होती. बहिणीचा अंगठा घ्यायचा होता.

वडील गेल्या वर्षी वारले. आई आधीच गेली होती. बिरवाडीची वडिलार्जित भातजमीन धाकटा भाऊ दत्तू कसतो. मी पुण्यात हिशेबनीस आहे. नव्या वारसा कायद्याने बहिणीचेही नाव जमिनीला लागणार होते. ते लागू नये याची वाट तलाठ्याने दाखवली होती : हक्कसोडीचा कागद, दोन साक्षीदार आणि अंगठा. मसुदा मीच लिहिला. माझे अक्षर चांगले आहे.

महाडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेतला. शेजारच्या बाकावर एक दुकानदार गृहस्थ वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते. परदेशातल्या कुठल्याशा परिषदेत आपल्या सरकारच्या प्रतिनिधींनी सांगितले होते की, आमच्या देशात मुलगी आणि मुलगा समान, वारशातही समान.

"झालं!" हॉटेलवाला म्हणाला. "आता भाऊबीजेला ताटात सातबारा घाला."

"आणि बहीण म्हणेल, दादा, ओवाळणी कमी पडली!" वाचणाऱ्याने भर घातली.

सगळे हसले. मीही हसलो. पण चुकीचा आकडा माझ्याने ऐकवत नाही. मी म्हणालो, "समान नाही हो. वडिलार्जित जमिनीत बाप आणि दोन भाऊ असे आधी तीन वाटे. बापाच्या वाट्यात मग तिघे भावंडे. बहिणीला नववा हिस्सा येतो."

"बघा, मास्तरांना ठाऊक आहे," असे म्हणून हॉटेलवाल्याने मला मान दिला. मी मास्तर नाही हे सांगायचे राहून गेले, आणि पिशवीतल्या कागदाचेही.

पोलादपूरला दुपारच्या आत पोचलो. तिथून बहिणीच्या, शेवंताच्या कोंडाला (कोंड म्हणजे लहान वाडी) पायी जावे लागते. भात कापून झालेल्या खाचरांत कडवे वाल हिरवेगार उभे होते. सावित्रीचे पाणी खाली गेले होते आणि उघड्या खडकांवर बायका धुणे आपटत होत्या. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई मागून आली.

"कुनाकडं जाताव, दादा?"

"शेवंताकडे. मी तिचा भाऊ."

ती मोळीसकट थांबली. "सन नाय, वार नाय, नि भाव आला? आमचा भाव तर सनालापन येत नाय." मग नदीकडे तोंड करून तिने हाळी दिली, "गो बायांनो, शेवंताचा भाव आला!"

खडकांवरच्या बायका उठून पाहू लागल्या. मी उगाचच पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

शेवंता अंगणाच्या टोकापर्यंत धावत आली. नवरा मुंबईत गिरणीत, मुलगी आतेकडे, घरात ती आणि तिचा थोरला दीर, गणपतराव. पाय धुवायला गरम पाणी, मग तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुकटीची चटणी. वाढता वाढता तिला माझा अंगठा दिसला.

"हे काय, दादा? मत देऊन आलास का काय?"

मी म्हणालो, "शाई सांडली." तिने विचारले नाही, कसली.

जेवण झाल्यावर ओटीवर (घरापुढच्या बैठकीवर) बसलो. शेजारच्या दोघी-तिघी बायका भाऊ पाहायला येऊन टेकल्या होत्या. मी कागद काढला, गादी उघडून ठेवली. गणपतरावांना येण्याचे कारण पत्राने कळवले होते. शेवंताला कळवले नव्हते. त्यांनी तिला सांगितले असेल असे मी धरून चाललो होतो. त्यांनी तिला काहीच सांगितले नव्हते.

"अंगठा लाव नि मोकळी हो गो," गणपतराव म्हणाले.

"अंगठा कशाला, भावजी? मी सही करते." शेवंताने पदराला हात पुसले. "ग्रामसेविका बाय येते ना सरकारची, दर बुधवारी वर्ग घेते. मला वाचताबी येतं. आन हिकडं."

कागद तिने मांडीवर घेतला आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. बायका कौतुकाने ऐकत होत्या.

"मी... शेवंता... लिहून देते की... माझ्या वडिलांचे जमिनीत... माझा जो काही हक्क... तो मी... राजीखुशीने... कोणाचीही सक्ती नसताना..."

बोट थांबले.

"दादा, ह्यात 'मी' लिवलंय. ही मी कोन?"

"तूच की."

"पन मी तर अजून कायच बोलले नाय."

एक म्हातारी हसली. गणपतराव म्हणाले, "कागदात असंच लिवायचं असतं."

"असूंदे, भावजी." ती माझ्याकडेच पाहत होती. "दादा, तू इचार. तोंडानं इचार, मी सांगते."

तीस वर्षे मी कचेरीत बोलतो आहे. त्या ओटीवर मला वाक्य जमेना. शेवटी म्हणालो, "शेवंता, बाबांच्या जमिनीतला तुझा वाटा तू आम्हाला सोडून देशील का?"

तिने कागदावरचे बोट उचलले. मग म्हणाली, "नाय."

कागदाची घडी घालून तिने माझ्या हातात दिली. "जमीन तुमीच कसा. मला भात नको. पन माझं नाव बाबांच्या जमिनीवर असूंदे. इथं सासरी ते कुठंच नाय."

मला आधी राग आला, हे लिहिलेच पाहिजे. आता वाटे कसे पडतील हेच डोक्यात फिरू लागले. निघायला उठलो तेव्हा तिने नाचणीच्या पिठाचे गाठोडे आणून पिशवीत घातले. अंगणाच्या टोकाशी येऊन हळूच म्हणाली,

"दादा, फुडल्या दिवाळीला न्यायला येशील न्हवं?"

मी लगेच "येईन" म्हणायला हवे होते. मी पिशवीचा बंद ओढत राहिलो. मग म्हणालो, "बघू."

तिने मान हलवली. खडकांवरच्या बायका अजून होत्या. भाऊ इतक्यात परत निघाला, म्हणून त्या बघत होत्या.

संध्याकाळी बिरवाडीला दत्तू वाट पाहत होता. सगळे सांगितले. तो म्हणाला, "मग आता दिवाळीला तिला आणायची नाही. वाटा हवा, तर माहेर कशाला?"

त्याचे बोलणे मला फार हलके वाटले, आणि त्याच क्षणी उमगले की हेच मी तिच्या अंगणात तिला ऐकवून आलो होतो. फरक एवढाच, की माझा शब्द जरा बऱ्या चालीचा होता. मी त्याला सांगितले की तिचे नाव लागेल आणि दिवाळीला आणायला मी जाईन. तो तोंड फिरवून गोठ्यात गेला. पण हे जिला सांगायचे होते, ती दोन नद्यांपलीकडे "बघू" घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत घाट चढताना हिशेब पुन्हा केला. सरकारने जगाला समान म्हणून सांगितले. घरी कायद्याने नववा हिस्सा दिला. तो हिस्सा माझ्या बहिणीपर्यंत पोचण्याच्या वाटेवर कोण उभे होते? शिकलेला, कायदा पाठ असलेला, तिचा सख्खा भाऊ.

पुण्यात बायकोने धोतर तीनदा धुतले, तरी डाग गेला नाही. मी त्याच संध्याकाळी शेवंताला कार्ड टाकले : 'दिवाळीला येतो. नक्की.' शब्द मोठ्या अक्षरांत, सुटे सुटे लिहिले. ती ते स्वतः वाचील. अंगणात मी 'बघू' म्हणालो होतो, तेही ती विसरणार नाही.