पायाला न कळलेलं ऊन

देवावर माझा विश्वास होता, पण त्याने दिलेल्या उत्तरावर बसत नव्हता. त्या उन्हाळ्यात माझी अवस्था नेमकी अशी होती.

माझ्या पत्नीच्या कण्याच्या आत, कमरेपाशी, नसांच्या जुडग्यात एक गाठ होती. बऱ्याच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून ती काढली. गाठ हळू वाढणारी आहे, झपाट्याने पसरणारी नाही, हे ऐकून आम्ही वारज्यातल्या आमच्या सोसायटीत पेढे वाटले. डॉक्टरांनी तेव्हाच आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी ऐकली पण मनावर घेतली नाही. काढताना गाठीचं आवरण फुटलं होतं. त्यामुळे तिचे कण कण्यातल्या पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजू शकत होते. शिवाय अशा गाठी परत येतात त्याही सावकाश, सगळे विसरल्यावर. म्हणून दरवर्षी एमआरआय करायचा. बरीच वर्षं तो स्वच्छ आला. मग एका वर्षी जुन्या जागी बारीक काहीतरी दिसलं. पुढच्या वर्षी त्याची गाठ झालेली होती, आणि वर, छातीच्या मागच्या कण्यात, तांदळाएवढा दुसरा ठिपका होता.

"दोन मार्ग आहेत," डॉक्टर म्हणाले. "खालची गाठ आत्ता काढायची, किंवा काही महिने थांबून पुन्हा बघायचं. ऑपरेशनमध्ये पायांतलं बळ किंवा लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका आहे. थांबलो तर गाठ आतल्या आत नस दाबू शकते. त्यांना आत्ता त्रास काही नाही, त्यामुळे थांबणंही चूक म्हणता येणार नाही. तुम्ही ठरवा."

"आमच्या जागी तुम्ही असता तर?" मी विचारलं.

"मी तुमच्या जागी नाही, हीच तर अडचण आहे," ते शांतपणे म्हणाले.

मी एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो. एका मापावर कधी विसंबायचं नाही, तेच माप पुन्हा घ्यायचं, ही आमची रीत. घरी आल्यावर मी दोन्ही वर्षांच्या अहवालांतले मिलिमीटर कागदावर मांडले आणि पुढची वाढ दाखवणारी रेघ ओढली. पत्नीने चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाली, "दोन ठिपके जोडले की रेघ येतेच. त्यात सिद्ध काय झालं?" त्यानंतर मला चैन पडेना. जेवताना उठायचो, पुन्हा बसायचो. जप करायला घेतला की बोटं माळेवर आणि डोकं मिलिमीटरवर.

संकष्टीच्या सकाळी मी शेवटी देवासमोर चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या आईची ही पद्धत. घरातला कुठलाही अवघड प्रश्न ती असाच सोडवायची. मी पट्टीने मोजून दोन सारखे कागद कापले. एकावर 'ऑपरेशन', दुसऱ्यावर 'थांबणे'. घड्या सारख्या घातल्या, हात जोडले, एक उचलली. थांबणे. क्षणभर बरं वाटलं. पण लगेच मनात आलं, एकच माप धरून कसं चालेल? पुन्हा टाकल्या. ऑपरेशन. मग तिसऱ्यांदा टाकणं भागच होतं. थांबणे.

पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "काय हो, देवाकडूनही सेकंड ओपिनियन?"

"दोनदा थांबणे आलं. थांबायचं."

"म्हणजे बहुमताने. चला मग, गणपतीला जाऊन कळवू, तुझा ठराव मंजूर झाला म्हणून."

ती हसत होती, पण साडी बदलून निघालीही. बुधवार पेठेत गर्दीमुळे रिक्षा अलीकडेच सोडावी लागली. ऊन रणरणत होतं, डांबर पायाखाली मऊ लागत होतं. नारळ आणि दुर्वांची पिशवी घेऊन मी पुढे, ती मागे. लांबून मंदिराचा कळस दिसला आणि तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"अहो पिशवीवाले, थांबा! बाईंची चप्पल केव्हाची मागे राहिलीय. हाका मारून माझा घसा बसला."

पांढरा सदरा घातलेले एक वयस्कर गृहस्थ होते. हातात आमच्या हिची डावी चप्पल. मी वळून पाहिलं. ती उजव्या पायात चप्पल आणि डावा पाय उघडा, अशी त्या तापलेल्या रस्त्यावर शांतपणे उभी होती.

"पाय भाजत नाही का हो ताई?" गृहस्थांनी विचारलं.

तिने खाली बघितलं. तिचा चेहरा उतरला. "नाही," ती हळूच म्हणाली. "काहीच लागत नाहीये."

गृहस्थांनी वाकून चप्पल तिच्या पायापाशी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "दर्शन राहू द्या. देव काही इथून हलत नाही. आधी यांना डॉक्टरकडे न्या." एवढं बोलून ते गर्दीत चालू लागले. मी नाव विचारायचंही विसरलो.

रिक्षात तिने सांगितलं, आठवडाभर तळपाय बधिर वाटत होता, एका जागी बसून मुंग्या आल्या असतील असं ती समजत होती. मी आठवडाभर तिचे अहवाल वाचत होतो, तिच्या चालण्याकडे माझं लक्ष नव्हतं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून पायाला टाचणी लावली. तिला ती कळली नाही. "आता थांबायचं नाही," ते म्हणाले. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. एक नस गाठीखाली पूर्ण दबली होती. आणखी उशीर झाला असता, तर पाय सावरला असता की नाही, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पुढे किरणोपचार झाले. पायातली जाणीव हळूहळू परतली, दोन बोटं सोडून.

त्या गृहस्थांना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. कुणाची तरी चप्पल पडलेली दिसली, त्यांनी उचलून आणून दिली, एवढंच ते सांगतील. मी उत्तर घरी, माझ्या पद्धतीने, माझ्या मापात मागत होतो. ते रस्त्यावर आलं, रागावून आलं, आणि मी विचारलेल्या प्रश्नाच्या बाहेरून आलं. त्याचे आभार मानण्यापलीकडे मला काही सुचत नाही.

वरचा ठिपका अजून आहे. माझी अस्वस्थता गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. गेल्या महिन्यात पुन्हा एमआरआय झाला. आत जाताना तिने मंगळसूत्र आणि बांगड्या माझ्या हातात दिल्या. यंत्राचा घाव घातल्यासारखा आवाज बाहेरपर्यंत येत होता आणि मी डोळे मिटून, मूठ घट्ट आवळून बसलो होतो. ती काठी टेकत बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "डोळे मिटून काय मागत होतात?"

"काही नाही. आभार मानत होतो."

"अहवाल यायच्या आधीच?"

"तू चालत आत गेलीस ना," मी म्हणालो, आणि मंगळसूत्र तिच्या गळ्यात घातलं.