गाडी ठोकली का?

मंडळी, गडचिरोलीच्या दवाखान्यातून आज आईची सुट्टी झाली. तिले आणायले निघालो आणि चामोर्शीच्या पुढे, ऐन जंगलात, गाडीची क्लच प्लेट गेली.

वाघाच्या भीतीनं काचा लावून आतच बसून आहो. विमा एजंटले फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "भाऊ, ठोकली का?"

"नाई, चालता चालता बंद पडली."

"मग काई मिळत नाई. विमा अपघाताचा असते, बिघाडाचा नाई. गाडी ओढून न्यायची, टोचनची सोयही तुम्ही घेतली नाई."

ठोकली असती तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं.

मेकॅनिक सकाळपासून "निघालोच" म्हणून राह्यला. तुमच्या विम्यात टोचन आहे का, आजच पाहून घ्या.

उशीर होईल म्हणून आईले कळवलं. तिचाही पहिला प्रश्न तोच, "ठोकली का रे?"

"नाई."

"मग ये सावकाश. मी बसून आहो."