गाऱ्हाण्यात नाव नाही

मस्कतहून मी कायमची परत आले तेव्हा गावातल्या पहिल्या माणसाने मला विचारलं, "कधी इलंस गो?" मी म्हटलं, "काल." लगेच दुसरा प्रश्न आला, "मगे परत कधी जातलंस?"

"नाय जातंय आता. कायमची इलंय."

विचारणारी आमच्या वाडीतली म्हातारी शेजारीण होती. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काय झाला तरी काय?"

काहीच झालं नव्हतं. मी नर्स होते, तिथल्या एका इस्पितळात डायलिसिसच्या वॉर्डात आयुष्य गेलं, वय झालं, घरी आले. पण हे कोणालाच पुरेसं वाटेना. माणूस आखातातून येतो तो सुट्टीवर, नाहीतर काहीतरी बिघडल्यावर. मग आठवडाभरात वाडीत दोन-तीन गोष्टी फिरायला लागल्या. एकीत मला कसला तरी आजार होता, एकीत मला तिथून काढून टाकलं होतं. आजाराची गोष्ट जरा जास्त चालली, कारण मी बारीक झाले होते.

आमचं गाव वालावलच्या जवळ, कर्लीच्या खाडीला लागून. घरात धाकटा भाऊ, त्याची बायको, आणि पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा, तो सणाला येणारा. वडील लहानपणीच गेले. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे आधी भावाचं शिक्षण होतं, मग घराचं बांधकाम होतं, मग वय होतं. या घरावर माडी चढली ती मी तिथे असताना. खर्चाचा हिशोब मी तेव्हा मांडला नाही आणि इथेही मांडत बसणार नाही. फक्त माडीवरच्या खोलीची खिडकी खाडीच्या बाजूला हवी, एवढं मी फोनवर सांगितलं होतं आणि भावाने ते ऐकलं होतं. त्या खोलीत आपण म्हातारपणी राहायचं, असं मी मस्कतच्या हॉस्टेलमध्ये माझ्याबरोबरच्या मल्याळी मैत्रिणीला कितीदा सांगितलं असेल. ती म्हणायची, तुझी खिडकी आता मलाही पाठ झाली.

आल्या दिवशी भावजयीने छान स्वागत केलं. तेच मला आधी कळलं नाही, की हे स्वागत आहे. ताटाला नवी वाटी, बाजूला सीलबंद पाण्याची बाटली. बांगड्याचं तिखलं वाढताना तिने विचारलं, "ताई, तिखट चालेल ना तुम्हाला? नाहीतर थोडं नारळाचं दूध घालते."

मी या घरात तिच्या आधी तिखलं खाल्लं होतं. पण त्याहून मला टोचली ती तिची भाषा. भावाशी ती मालवणीत बोलायची, कामाला येणाऱ्या बाईशी मालवणीत, फोनवर माहेरी मालवणीत. माझ्याकडे वळली की तिचं मराठी पुस्तकातलं व्हायचं. आमच्याकडे माणसं अशी बोलतात ती तहसील कचेरीत, बँकेत, आणि पाहुण्यांशी. मी मुद्दाम मालवणीत उत्तर द्यायची. ती पुन्हा शुद्ध मराठीत. असं आमचं कित्येक दिवस चाललं होतं आणि दोघींनाही ते माहीत होतं.

एप्रिल संपत आला तसा भाऊ एका संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"बाय, एक सांगूचा होता."

"बस की."

"नको, असांच. मे म्हयन्यातलां बुकिंग आधीच घेतलेलां आसा. तुझां येणां नक्की नव्हतां तेव्हाच. एक म्हयनो फक्त खाली रव. मगे खोली तुझीच."

तेव्हा मला कळलं, की माडीवरची खोली पर्यटकांना देतात. होमस्टे. खिडकीचा फोटो मोबाईलवर होता, पडदा बाजूला सारलेला, मागे खाडी आणि माड. मी सुट्टीवर यायची तेव्हा खोली मोकळी असायची, म्हणून मला कधी दिसलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. यात फसवणूक होती असं मी म्हणणार नाही. खोली रिकामी होती, त्यांनी वापरली. मीही वापरली असती.

मी खाली मागच्या खोलीत गेले. तिथे काजूच्या बियांची पोती होती. ती एका भिंतीला लावून भावाने खाट टाकून दिली. रोज सकाळी वरून मुंबई-पुण्याच्या माणसांचे आवाज यायचे, मुलं जिना धडाधड उतरायची. एकदा एक बाई स्वयंपाकघर समजून माझ्या खोलीत शिरली आणि मला म्हणाली, "मावशी, गरम पाणी मिळेल?" मी दिलं. गरम पाणी द्यायला काय जातं.

पावसाळ्यात पाहुणे थांबले आणि मी परत वर गेले. दोन-अडीच महिने बरे गेले. भात लावायला मी उतरले तर भाऊ हसला, म्हणाला, "कंबर मोडात तुझी." मोडली नाही, पण दोन दिवस उठता आलं नाही. भावजयीने तेल गरम करून आणून दिलं. "तुम्ही कशाला उतरलात ताई," म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली.

मग चतुर्थी आली.

आमच्या घराण्याचा गणपती याच घरात असतो. सगळी भावकी जमते आणि घराण्यातले सगळ्यात मोठे चुलतकाका गाऱ्हाणं घालतात. म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने घरातल्या प्रत्येकासाठी मागतात, आणि प्रत्येक मागण्यावर बाकीचे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. मस्कतमध्ये दरवर्षी मी हे फोनवर ऐकायची. भाऊ मोबाईल काकांच्या पुढे धरायचा. काका म्हणायचे, "बा देवा म्हाराजा, जां आमचां चेडू साता समुद्रापलीकडे पोटापाण्याक गेलां आसा, तेच्या पाठीशी उभो रव, तेका सुखरूप घराक हाड." ते चेडू, घरातली मुलगी, म्हणजे मी. आणि मग पंचवीस-तीस माणसांचा तो आवाज, "व्हय म्हाराजा!" मी वॉर्डाच्या जिन्यात उभी राहून ऐकायची. एक वर्ष नेटवर्क गेलं आणि माझा वाटा ऐकायचा राहिला, तर मी ड्यूटीवर रडले होते. सुपरवायझरला वाटलं घरी कोणी वारलं.

यंदा मी समोर होते. नवं लुगडं नेसून, बायकांच्या रांगेत. काकांचा आवाज आता कापतो, पण क्रम ते विसरत नाहीत. भावाच्या कामधंद्यासाठी मागितलं. व्हय म्हाराजा. भावजयीच्या तब्येतीसाठी मागितलं. पुण्याच्या मुलाला बढती, चांगली बायको. मुंबईतल्या चुलत्यांसाठी, त्यांच्या नातवंडांसाठी. मग माझी जागा आली. मला पाठ होती ती जागा. काकांनी श्वास घेतला, क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे गेले. "ह्येंनी ह्यो जो पावण्यांचो धंदो घातलो आसा, तेका बरकत दी, बरी बरी गिरायकां येवंदेत."

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. सगळ्यांबरोबर तोंडातून निघून गेलं.

जेवणं झाल्यावर काका ओट्यावर पान लावत बसले होते. मी हसत हसतच विचारलं, "काका, औंदा माझां नाव खंय गेलां?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "अगो, तू इलंस मां आता? देवान हाडल्यान तुका. आता आणि मागूचा काय?"

त्यांच्या दृष्टीने बरोबर होतं ते. मला घरी आणायचं देवाचं काम झालं होतं. पण त्यांनी इतरांसाठी कायकाय मागितलं ते मी ऐकलं होतं. जे घरात होते, त्यांनाही मागायला काहीतरी होतं. पुढचं काहीतरी. माझं पुढचं कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हतं. मी दूर होते तेव्हा या घरात माझ्या नावाची एक जागा होती. मी येऊन ती जागा रिकामी केली, आणि दुसरी कोणी ठेवलेली नव्हती.

हे मी कोणाला बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, कोण जाणे. पण ते आत राहिलं, आणि दिवाळीच्या आधी भलत्याच ठिकाणी बाहेर पडलं.

भावजय माडीवरची चादर बदलायला आली होती. मी तिथेच बसले होते. "ताई, उद्यापासून पाहुणे आहेत," ती म्हणाली. "तुमचं सामान खाली ठेवायला सांगते."

मी म्हटलं, "ह्या घरात मी पावणी की ते पावणे, येकदा ठरवा."

"असं काय बोलता ताई?"

"मालवणीत बोल माझ्याशी. मी काय कलेक्टर नाय."

ती उशी हातात धरून उभी राहिली. मग तिने उशी खाटेवर आपटली.

"बोलतंय! ऐक तर. तुका वाटता खोली बांधलंस म्हणजे घर झाला? घर मी केलंय. तुझ्या आवशीचां गू-मूत मी काढलंय दोन वर्सां. तू थंय बसान फोनवर गोळ्यो सांगी होतंस, ही दी, ती दी नको. गोळ्यो सांगाक काय जाता? आणि आता इलंस. कोणाक इचारून इलंस? येवचा आसा म्हणान येकदा तरी इचारलंस?"

ती रडत होती. मी बघत राहिले. तिने मला पहिल्यांदा "तू" म्हटलं होतं. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा माझ्याशी आपल्या माणसासारखी बोलली होती, आणि बोलली ती हे.

तिचं बोलणं खोटं नव्हतं. आईच्या शेवटच्या आजारात मला रजा मिळाली नाही, मी पोचले तेव्हा राख थंड झाली होती. पण विचारून यायचं असतं हे मला खरंच माहीत नव्हतं. आपल्या घरी येताना परवानगी लागते, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. व्हिसा लागतो तो जाताना, अशी माझी समजूत.

भाऊ खाली सगळं ऐकत होता. तो वर आला नाही.

दिवाळीनंतर मी कणकवलीत एक खोली भाड्याने घेतली. बाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. भावाने सामान टेम्पोतून आणून दिलं, गॅस जोडून दिला, आणि बराच वेळ नळाशी खुडबुड करत राहिला, नळ नीट असूनही. मी घरोघरी जाऊन नर्सिंगची कामं करू लागले. इंजेक्शन, ड्रेसिंग, पलंगाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची अंघोळ. कामाला तोटा नाही. प्रत्येक घरातलं कोणीतरी बाहेर आहे आणि आईबाप इथे आहेत. बरेचदा मी पाय पुसत असते आणि म्हाताऱ्याच्या उशाशी फोन वाजतो, पलीकडून मुलगी गोळ्या सांगते. मी तिला काही म्हणत नाही.

जानेवारीत भावजयीचा फोन आला. ताई, म्हणाली. शुद्ध मराठी परत आलं होतं. माडीवर उतरलेले एक वयस्कर गृहस्थ चिऱ्याच्या पायरीवरून घसरले होते, नडगीला टाके पडले होते. कुडाळच्या डॉक्टरांनी एक दिवसाआड ड्रेसिंग सांगितलं होतं. त्यांना प्रवास नको होता. "तुम्ही याल का? बाहेरचं कोणी आणण्यापेक्षा..."

मी गेले. एसटीने कुडाळपर्यंत, तिथून भावाच्या स्कूटरवर. जिना चढताना मला माहीत होतं कुठली पायरी उंच आहे.

गृहस्थ सज्जन होते, बायको बोलकी. मी जखम साफ करत होते, पू नव्हता, टाके चांगले घेतले होते. बायको म्हणाली, "किती हलका हात आहे हो तुमचा! तुम्ही इथल्याच का?"

मी तोंड उघडायच्या आत दारातून भावजय म्हणाली, "नाही, त्या कणकवलीच्या. आम्ही बोलावून घेतो."

मी पट्टी बांधत राहिले. पट्टी बांधताना हात थांबवायचा नसतो, सैल पडते.

काम झाल्यावर ती बाई मला म्हणाली, "जरा इकडे या ना, खिडकीशी. बघा काय सुंदर दिसतंय. तुम्हाला कामात कुठे बघायला मिळणार असं." मी गेले, बघितलं. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता. "छान आहे," म्हटलं.

खाली भावजयीने चहा दिला. मी घेतला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, कपातली साखर मात्र बरोबर माझ्या मापाची होती.

भावाने मला कुडाळच्या स्टँडवर सोडलं. गाडीला वेळ होता. तो गेला नाही, शेजारी बाकावर बसला.

"बाय, तिणां तसां म्हणाक नको होतां."

"काय?"

"कणकवलीच्यो म्हणान."

"खोटां खंय बोलली? थंयच रवतंय मी."

तो जमिनीकडे बघत बसला. लहानपणी मार बसल्यावर तो असाच बसायचा, आणि मी त्याला खाऊ आणून द्यायची. मी काही दिलं नाही. गाडी लागली तेव्हा त्याने माझी पिशवी वर चढवून दिली आणि खाली उभा राहिला. गाडी सुटेपर्यंत उभाच होता. मी हात केला नाही.

टाके काढेपर्यंत आणखी चार-पाचदा गेले. काम अर्धं टाकायची मला सवय नाही. शेवटच्या खेपेला चहा नको म्हटलं.