भिंत आली की गप्प

फोन आला तेव्हा मी पलूसला भावाच्या बेदाण्याच्या शेडवर होते. हात चिकट होते म्हणून भावाच्या सुनेनं फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे नितीन, माझ्या नणंदेचा मुलगा. म्हणाला, "मामी, आई गेली." मी विचारलं, "गाडीत?" तो म्हणाला, "न्हाई. घरात. च्या पिता पिता." तेव्हा कुठं मी श्वास सोडला. आई गेल्याचं सांगणाऱ्याला मी आधी गाडीचं विचारलं, हे त्याला लागलं असेल. लागू दे. आक्का जिवंत असत्या आणि कुणी त्यांना असं काही सांगितलं असतं, तर त्यांनीही आधी हेच विचारलं असतं, की पोरं कुठं होती.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद यमुना. कोरेगावात शाळेची व्हॅन चालवायच्या. नवऱ्याची प्रवासी नेणारी वडापची जीप होती, तो आजारी पडल्यावर चालवायला शिकल्या. तो गेला, जीपही गेली, मग आक्कांनी जुनी व्हॅन घेतली. शाळेनं सांगितलं, गाडीत मुलांना धरायला एक बाई पाहिजे. आक्का माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "सुमन, घरात बसून सुनंला टोचतीस, त्यापरीस गाडीत चल. पोरांना टोच." तेव्हापासून मी त्या गाडीत. मुलं आक्कांना ड्रायव्हर आज्जी म्हणत आणि मला दार आज्जी. मला गाडी चालवता येत नाही. दार उघडायचं, दार लावायचं, कुणाचं बोट मध्ये आलं नाही ना ते बघायचं, एवढंच काम.

पहिल्याच वर्षी गाडी ओरडायला लागली. ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून बारीक, कानात घुसणारा आवाज. मुलं लगेच सुरू झाली, "आली, मांजरीची गाडी आली!" आक्कांना चेष्टा सोसायची नाही. त्यांनी घरातलं गोडेतेल आणलं आणि चमच्यानं चाकाच्या फटीतून आतल्या लोखंडी चकतीवर सोडलं. शिलाई मशीन कुरकुरलं की तेल, दाराची बिजागरी कुरकुरली की तेल, पाळण्याची कडी कुरकुरली की तेल. जन्मभर तेच केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? आवाज थांबला. आक्का म्हणाल्या, "गेली मांजर."

दुपारी शाळा सुटायच्या वेळी आम्ही दोघीच निघालो. रेल्वे फाटकाच्या अलीकडं उतार आहे. फाटक पडत होतं. आक्कांनी ब्रेक दाबला, पार उभ्या राहून दाबला, पण गाडी काही ऐकेना. त्यांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंग डावीकडं उसात घातलं. काचेवर ऊस सपासप मोडत गेला. गाडी थांबली. मी म्हटलं, "आवं आक्का, उतरा." त्या उतरल्या आणि बांधावर बसून ओकल्या. तोंड पुसून म्हणाल्या, "पोरं असती तर?" मी म्हटलं, "न्हवती न्हवं? उठा." आणखी काय म्हणणार? पण हा प्रश्न आक्कांच्या डोक्यातून कधी गेला नाही. नंतर गाडीत मुलं असली काय, नसली काय, त्यांचा जीव कधी निवांत नसायचा. हात स्टेअरिंगवर, डोळे रस्त्यावर आणि कान चाकात.

दुसऱ्या दिवशी त्या गॅरेजमध्ये स्टूल घेऊन बसल्या आणि मेस्त्रीचं डोकं खाल्लं. हे काय, ते काय, हे का झिजतं. मेस्त्री वैतागून म्हणाला, "मावशी, तुमीच लावा आता कामाला हात." पण त्यानं सगळं सांगितलं. चाकाबरोबर फिरते ती डिस्क. तिला दोन्ही अंगांनी आवळून धरतात ती पॅडं. मध्ये तेल आलं की ती धरत नाहीत, नुसती घसरतात. पॅडावरचा थर झिजत आला की त्याला लावलेली लहानशी पत्री डिस्कला घासते आणि ओरडते. ती ओरडण्यासाठीच लावलेली असते. तिचं ऐकलं नाही तर थर संपतो, लोखंडावर लोखंड घासतं, मग खरखर येते आणि डिस्कचंही वाटोळं होतं. आक्का घरी येऊन मला म्हणाल्या, "आपुन सांगणाऱ्याचंच त्वांड तेलानं बंद केलं गं."

मग भिंतीचं सुरू झालं. शाळेच्या अलीकडं एका गोदामाची लांब भिंत आहे, गाडी तिला अगदी खेटून जाते. आक्कांच्या ध्यानात आलं, की काच खाली केली तर चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत कानात येतो. मोकळ्या रस्त्यावर जे ऐकू येत नाही, ते तिथं येतं. पण गाडीत एवढी मुलं, तोंडाला कुलूप नाही. म्हणून नियम झाला. भिंत आली की गप्प. आक्का आपली काच खाली करायच्या, मला माझी करायला लावायच्या, दोनदा हलका ब्रेक दाबायच्या आणि ऐकायच्या. भिंत संपली की म्हणायच्या, "हां, करा कालवा." मुलं अशी बोंबलायची, की शाळेच्या शिपायाला गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची.

मलाही हळूहळू कळायला लागलं. ब्रेकचं पायडल आक्कांच्या पायाखाली थरथरलं म्हणजे डिस्क सरळ राहिलेली नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढली तर एका चाकाचं काहीतरी बिनसलंय. गाडी थंड असताना आक्का डिस्कच्या काठावर नख फिरवायच्या. नख अडकलं म्हणजे मधला भाग झिजून काठाला कड उभी राहिलेली, मग मेस्त्रीला विचारायचं. बदलायचं तर दोन्ही चाकांचं. एकदा नितीन म्हणाला, डावंच वाजतंय, डावंच बदलू. आक्का म्हणाल्या, "एका पायात नवी चप्पल आन् एका पायात फाटकी घालून जातोस का कामाला?"

त्या भल्या होत्या असं मी म्हणणार नाही. हट्टी होत्या. पावसातही काच खाली, माझं अर्धं अंग भिजायचं. मी कुरकुरले की म्हणायच्या, "तुला बी तेल घालू का?"

मी पलूसला निघाले त्या आठवड्यात गाडी पुन्हा ओरडायला लागली होती. आक्का म्हणाल्या, "तू ये, मग गॅरेजला नेऊ. तवर वरडू दे. वरडती तवर भ्या न्हाई." तेच शेवटचं बोलणं.

मी तशीच कोरेगावला आले. आक्कांचे दिवस झाले, वर आठवडा गेला. पालकांचे फोन सुरू झाले. नितीनची बायको सोनाली गाडी चांगली चालवते, परवानाही आहे, आठवडाभर रिकामी गाडी फिरवून तिनं हातही बसवला होता. ती बसली. मी माझ्या दाराशी. भिंत आली. कुणी न सांगता मुलं गप्प झाली. मी काच खाली केली. सोनालीनं ब्रेक दाबला.

काहीच नाही. गाडीही गप्प.

"पॅडं बदलली का गं?"

"न्हाई मामी. वाजायचं आपोआप थांबलं बगा."

 आपोआप थांबलं म्हणजे काय? मला तो ऊस आठवला... तो तेलाचा चमचा आठवला. घरी आले, जेवण गोड लागेना. बसले, उठले, पुन्हा बसले. माझी सून म्हणाली, "आत्या, काय हरवलंय का?" मी चप्पल घातली आणि सरळ आक्कांच्या अंगणात गेले. गाडी थंड होती. खाली बसून चाकाच्या फटीतून बोट घातलं, डिस्कच्या काठावर नख फिरवलं. अडकलं.

नितीन कामावरून आला तो मला चाकाशी बसलेली बघून थबकला. मी विचारलं, "तेल घातलंस?"

"न्हाई मामी."

"मग गाडी गप का झाली?"

 तो म्हणाला, "ती पत्री मोडून टाकली. पकडीनं."

"का?"

"आई दुपारची आली की वळणावर ब्रेक दाबायची, गाडी वाजायची. मी घरात असलो की च्याचं आधन ठेवायचो. आता सोनाली आली तरी तसंच वाजतंय. वाजलं की माझा हात भांड्याकडं जातोय, मामी. दोनदा तर च्या करून कपात वतला... सुट्टीत बदलणारच होतो पॅडं. तवर नुसता आवाज बंद केला."

सोनाली दारात उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आवं, रोज उतारावरनं जाते मी. मला सांगायचं तरी." 

मला त्याची दया आली. पण मी म्हटलं, "तुझी आई काय त्या आवाजात परत येणार न्हाई रं. पोरं मात्र रोज परत यायला पायजेत. उद्या गाडी निघणार न्हाई. कोण काय म्हणतंय ते माझ्याकडं धाड."

सकाळी पालकांना मीच फोन केले. दोघांनी शिव्या घातल्या, घेतल्या. गॅरेजमध्ये तोच मेस्त्री, आता केस पांढरे झालेत. त्यानं चाक काढलं. पॅडावरचा थर पार पापुद्र्याएवढा राहिला होता, आणि डिस्कवर चऱ्या पडल्या होत्या. त्यानं माप लावून बघितलं आणि मान हलवली. "नुसती पॅडं घालून भागायचं न्हाई. डिस्क बी काढाय पायजे. दोन्हीकडची." नितीन हो म्हणाला. मेस्त्रीनं मला विचारलं, "मावशी न्हाईत आल्या?" त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला आणि हात पुसले. मग पुन्हा कामाला लागला. मला ते बरं वाटलं.

नवी पॅडं बसण्याआधी मी हातात घेऊन बघितली. पत्री जागेवर होती. नितीनला दाखवली. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि पॅड मेस्त्रीच्या हातात दिलं.

आता गाडी वाजत नाही, आणि या वेळी तिनं वाजायचं कारणही नाही. हे मला कळतं. तरी जीव थाऱ्यावर नसतो. आक्कांची अस्वस्थता त्या जाताना माझ्या अंगावर टाकून गेल्या की काय कोण जाणे. कधीतरी पॅडं पुन्हा झिजतील, पुन्हा तो आवाज येईल. तेव्हा नितीनचा हात चहाच्या भांड्याकडं जाईल. जाऊ दे. त्यानं चहा करावा, मी पिईन. पण गाडी गॅरेजला जाईल.

परवा भिंत आली. मी काही बोलायच्या आत सोनालीनं आपली काच खाली केली आणि दोनदा हलका ब्रेक दाबला. सगळी गाडी चिडीचूप. यंदाच शाळेत घातलेली एक चिमुरडी माझ्या पदराला धरून म्हणाली, "दार आज्जी, आपण काय ऐकतोय?"

मी म्हटलं, "गप. भिंत संपू दे."