शनिवारचा शेरा

हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून एवढी एक गोष्ट गिळून बसले आहे. आता शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून ‘संस्थापक पालकाच्या गोड आठवणी’ मागितल्या आहेत. गोड? बरं. मागितल्यात तर घ्या — पण छापताना एक अक्षर गाळायचं नाही.

लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी मला मॅट्रिक पास सांगितलं. मी पास नव्हते. इंग्रजीत नापास, तेही दोनदा. पारोळ्याहून रावेरला आले ती ‘शिकलेली सून’ होऊनच. आमच्याकडे केळी पिकवणाऱ्या घरात तेवढ्यावर केवढा मान! कुणाचं औषध आलं, कुणाची तार आली, की माझ्याकडे. मी अंदाजाने वाचायचे, आणि लोकांना तो अंदाज पुरायचा. माझा गुन्हा हाच का? नाही. तो पुढे आहे. टाळत नाही मी, पण आधी शाळा कशी निघाली ते सांगू द्या.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पोरांना जळगावला ठेवायचं नाही, आणि इंग्रजी तर हवंच — म्हणून अकरा घरांनी मिळून शाळा काढली. एका रिकाम्या केळीच्या वखारीत. कुणी बाकं दिली, कुणी फळा दिला, आमचा ट्रॅक्टर सकाळी ट्रॉलीत पोरं गोळा करून आणायचा. शाळा आम्हा पालकांची, म्हणून नियमही आमचेच. त्यातला एक असा, की दर शनिवारी एका पालकाने वर्गात मागे बसायचं आणि वहीत शेरा लिहायचा — इंग्रजीत. पाळी प्रत्येक घराची ठरली होती. पण लिहिणार कोण? फिरून फिरून ती माझ्यावरच आली. मी नाही म्हणाले का? छे! कडक इस्त्रीची साडी नेसून गेले.

जळगावला कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या धाकट्या दिराने नमुना म्हणून एक वाक्य चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. शिकवणं फार चांगलं आहे, मुलं लक्ष देतात — अशा अर्थाचं. तेच वाक्य मी दर शनिवारी रांगोळीचे ठिपके मोजावेत तसं अक्षर अक्षर उतरवायचे.

शिकवायला बाई एकच होती. निर्मला. सोनगीरची, धुळ्याला शिकलेली, वडील नसलेली. गावी आई, आणि त्या आईचं सगळं हिच्या नोकरीवर. हिची रीत वेगळी होती. गोष्ट आधी पोरांच्या बोलीत सांगायची, पोरं हसायची. मग तीच गोष्ट इंग्रजीत — आणि पोरं पुन्हा बरोबर त्याच जागी हसायची. मी मागे बसून, दुसऱ्या वेळी कधी हसायचं ते पोरांकडे बघून ठरवायचे.

एका शनिवारी वाऱ्याने वखारीचा पत्रा उचकटला. वर्ग भरलाच नाही, पोरं अंगणात कवायत करत होती. मी उशिरा पोचले, वही उघडली आणि नेहमीचं वाक्य उतरवलं. शिकवणं फार चांगलं. मुलं लक्ष देतात. निर्मलाने ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं, हे मला कळलं. ती हसली नाही. माझ्या माहेरच्या बोलीत, अगदी हळू म्हणाली, “अक्का, मी शिकाडसु तुमले. कोणले सांगाव नही.”

शिकवते, कुणाला सांगणार नाही, असं म्हणाली — आणि शिकवलं तिने. चार शनिवार, पोरं घरी गेल्यावर. चार रेघांची वहीसुद्धा तिनेच आणली. चौथ्या शनिवारी मी पहिलं वाक्य माझ्या मनाने लिहिलं — माझ्या मुलीचं नाव, आणि ती शाळेत जाते, एवढंच. निर्मलाने त्यावर लाल शाईने बरोबरची खूण केली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू? पण त्याच आनंदाखाली राग होता. सगळं गाव मला पास समजत होतं — आणि ही एकटी पोरगी होती, जिच्यासमोर मी नापास होते.

पुढच्याच रविवारी सभा भरली. केळीची गाडी भरताना कुणीतरी भिंतीआडून ऐकलं होतं, की बाई वर्गात बोली बोलते. इंग्रजी शाळेत बोली? मग आम्ही ट्रॉल्या कशाला पळवायच्या? अकरा घरं तावातावाने जमली. सभेला आलेल्या पालकांत इंग्रजी येणारं माणूस एकही नव्हतं, आणि तिथे इंग्रजीचा न्याय होणार होता. निर्मला फळ्याजवळ उभी होती. समितीचे अध्यक्ष, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते माझ्याकडे वळले.

“सूनबाई, तू बसते ना वर्गात. तूच सांग, बाईले इंग्रजी येते का नही?”

मी काय सांगायला हवं होतं, ते तुम्हाला कळलंच असेल. मी काय सांगितलं, ते लिहिते. मी म्हणाले, “बाईंचं इंग्रजी कच्चं आहे. म्हणून त्या बोलीचा आधार घेतात.”

शेऱ्यांची वही समोर टेबलावरच होती. तिच्यात दर शनिवारी मी बाईंचं कौतुक लिहिलेलं, माझ्याच हाताने, माझ्याच सहीने. कुणीही उघडून वाचली असती तर मी तिथेच पकडले गेले असते. पण वाचणार कोण? तिथे इंग्रजी वाचता येणारी एकटी निर्मला होती. तिने वहीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग वही उचलली आणि कपाटात ठेवून दिली.

ती माझं बिंग फोडेल या भीतीने मी बोलले, असं मी बरीच वर्षं मनाला समजावलं. खोटं आहे ते. ती कुणाला सांगणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं — त्या भरवशावरच तर मी बोलले.

सोमवारी ती एसटीने गेली. तिची पेटी स्टँडवर आमच्याच ट्रॅक्टरने पोचवली. पारोळ्याहून सोनगीर काही लांब नाही. माहेरी मी वर्षातून दोनदा जाते. सोनगीरला एकदाही गेले नाही. तिच्या आईचं पुढे काय झालं, हेही मला माहीत नाही. मी विचारलंच नाही कुणाला.

चार रेघांची ती वही मात्र मी ठेवली. मुलीच्या पुस्तकांवरून पुढचं शिकत गेले. आज मला इंग्रजी वाचता येतं, लिहिताही येतं. ज्या बाईला मी घालवलं, तिनेच हात धरून दिलेलं आहे हे. शाळेच्या समितीवर मी आजवर होते; तिचा राजीनामा सकाळीच देऊन आले. येताना शाळेच्या कपाटातली शेऱ्यांची वही आणली. शेवटच्या पानावर जागा होती. तिथे एक शेरा लिहिला — इंग्रजीत, कुठली चिठ्ठी समोर न ठेवता. मराठीत तो असा: निर्मलाबाई उत्तम शिकवतात. मुलांना कळतं. मागे बसलेल्या बाईला काही कळत नव्हतं, आणि सभेत ती खोटं बोलली.

खाली माझी सही आहे, पूर्ण नावाची. स्मरणिकेच्या कार्यक्रमाच्या दिवशी ती वही मी स्वतः टेबलावर उघडी ठेवणार आहे. आता गावात वाचता येणारी पोरं पुष्कळ आहेत.