उपकेंद्र प्रकाशनच्या विहीणबाई

पोलादपूरच्या डोंगरापासून महाडच्या खाडीपर्यंत आजवर जेवढी माणसं प्रेमात पडली असतील, त्यांच्यापेक्षा जास्त माणसं आमच्या विहीणबाईंनी एकट्यांनी प्रेमात पाडलेली आहेत. कागदावर, अर्थात. प्रत्यक्षात त्या नर्स होत्या. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर, आरोग्य उपकेंद्रात त्यांनी सगळी नोकरी काढली. बाळंतपणं केली, डोस पाजले, आणि निवृत्त होऊन बिरवाडीला मुलाकडे राहायला आल्या त्याच आठवड्यात प्रेमकादंबरी लिहायला बसल्या. त्यांचा मुलगा माझा जावई. म्हणजे नातं असं, की हसू आलं तरी ओठात दाबायचं आणि चहात साखर पडलेली नसली तरी झकास म्हणायचं. आजवर त्यांच्या सहा कादंबऱ्या झाल्या आणि सहाही त्यांनी स्वतःच छापून घेतल्या. पहिलीचं हस्तलिखित दोन प्रकाशकांकडून साभार परत आलं, तेव्हा तिसऱ्या प्रकाशकाला त्यांनी संधीच दिली नाही. प्रकाशनसंस्थेचं काहीतरी नाव लागतं, असं महाडचा छापखानेवाला म्हणाला, तर क्षणाचाही विचार न करता यांनी सांगितलं, "उपकेंद्र प्रकाशन."

लिहायला बसण्यापूर्वी विहीणबाई कोपरापर्यंत साबणानं हात धुतात. पेन, खोडरबर, चष्म्याचं फडकं हे सगळं स्टीलच्या ट्रेमध्ये झाकून ठेवलेलं असतं आणि त्या ट्रेला घरातल्या कुणीही हात लावलेला त्यांना चालत नाही. लिहितानाही त्यांच्यातली नर्स सुट्टीवर जात नाही. नायिकेचं वय पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण अठरा पूर्ण झाल्याशिवाय त्या कुणाला प्रेमात पडू देत नाहीत. नायकाचा हात नायिकेच्या हातात आला की पुढच्या वाक्यात नाडीचा आकडा येतो. तिच्या गालांवर लाली चढली तर हिमोग्लोबिन बारापेक्षा खाली नसणार, असा दिलासा वाचकाला मिळतो. एका कादंबरीत तर नायक पावसात भिजून कशेडी घाट चालत चढून येतो आणि नायिका त्याला मिठी मारण्याआधी ताप बघते. माझी मुलगी असले निवडक उतारे मला फोनवर वाचून दाखवायची आणि आम्ही बापलेक पोट धरून हसायचो. "बाबा, उद्या येशील तेव्हा गंभीर राहा हं," असं ती बजावायची, आणि मी राहायचो.

पुस्तक लिहिण्यापेक्षा ते लोकांच्या हातात देणं हे खरं बाळंतपण, असं त्या म्हणतात. त्यासाठी त्यांनी नोकरीतलीच पद्धत चालू ठेवली. कापडी पिशवीत दहा प्रती घ्यायच्या आणि वाडीवाडीनं फिरायचं. जिथं त्यांनी बाळंतपण केलंय त्या घरात पुस्तक नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. लग्नाच्या आहेरात पुस्तक, बारशाला पुस्तक. एकदा एका घरी त्यांनी नेत्रदानाच्या फॉर्मबरोबर पुस्तक दिलं, तर त्या माणसानं दोन्हींवर सह्या करून दोन्ही परत केली. दरवर्षी मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक जमतात, तेव्हा पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते. त्या रांगेत, चळवळीच्या जाडजूड ग्रंथांच्या मधोमध, विहीणबाईही आपलं प्लॅस्टिक अंथरतात. मीही दरवर्षी तळ्यावर जातोच, त्यामुळे एका वर्षीचा प्रसंग माझ्यासमोर घडला. एका कार्यकर्त्यानं 'दुसरा डोस' ही कादंबरी लसीकरणाची माहितीपुस्तिका समजून उचलली, मधलं एक पान वाचलं आणि हळूच खाली ठेवली.

"ताई, इथं ह्या असल्या कथा?" तो म्हणाला. रागावला नव्हता, गोंधळला होता.

"पाण्यासाठी आपली माणसं भांडली ती जगायला ना, दादा? मग जगण्यात हे येत नाय काय?" विहीणबाई म्हणाल्या.

त्यानं पुस्तक घेतलं. मला त्यांचा त्या वेळी मनापासून अभिमान वाटला, आणि तरीही घरी येऊन मी माझी प्रत उघडली नाही.

हे आता कबूल केलं पाहिजे. मी पोलादपूरला पंचायत समितीत आवक-जावक विभागात कारकून होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो पुढं पाठवायचा. आतलं वाचत बसलो असतो तर एका टपालाला दिवस पुरला नसता. हीच सवय मी विहीणबाईंच्या कादंबऱ्यांना लावली. नवी प्रत आली की फळीवर आधीच्या प्रतींशेजारी उभी करायची, मुलीनं फोनवर वाचलेले दोन उतारे लक्षात ठेवायचे आणि रविवारी बिरवाडीला जाऊन तोंडभर कौतुक करायचं. पाच कादंबऱ्या अशा निभावल्या. शेवट छान झालाय, हे वाक्य मी प्रत्येक वेळी न चुकता म्हणायचो, कारण ते कुठल्याही पुस्तकाला चालतं अशी माझी समजूत होती.

सहावीच्या वेळी मात्र विहीणबाईंचा सूर वेगळा होता. छपाईला देऊन आल्या आणि चहा पिता पिता मला म्हणाल्या, "व्याही, ही शेवटची हां. रस्त्यात भेटतात ते सगळे म्हणतात, बाई छान लिहिता. कोणतं आवडलं विचारलं की सगळीच म्हणतात. एवढ्या वर्षांत एकानं तरी विचारावं, की बाई, पुढं काय झालं? कोणी वाचतच नसेल तर मी कशाला हात धुऊन बसू?" त्या हसून बोलल्या, पण डोळे हसत नव्हते. ट्रे त्यांनी त्याच दिवशी कपाटात ठेवून दिला, असं मुलीनं मला नंतर सांगितलं. मी त्यांना म्हणालो, छे छे, असं कसं, आम्ही वाचतो ना.

त्या कादंबरीचं नाव 'पाचाडची शेवटची गाडी'. पाचाडला रायगड बघायला येणाऱ्यांना भाकरी करून वाढणारी नायिका, बिरवाडीच्या कारखान्यात पाळीनं काम करणारा नायक. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांत छापतात आणि मग ते फॉर्म एकत्र शिवतात. छापखान्यात तेव्हा लग्नपत्रिकांची झुंबड होती. शेवटच्या फॉर्मचे छापलेले कागद पत्रिकांच्या टेबलाशेजारी ठेवले होते आणि कामगारानं ते रद्दी समजून पत्रिकांचे गठ्ठे बांधायला वापरले. विहीणबाईंच्या नायक-नायिकेचं काय झालं, ते पत्रिकांभोवती गुंडाळून तालुक्यातल्या कितीतरी लग्नघरी पोचलं आणि चुलीत गेलं. इकडे बाइंडरनं उरलेले फॉर्म शिवून टाकले. प्रती आल्या त्या तळ्यावरच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, गठ्ठे न सोडता त्या तशाच तिकडे गेल्या आणि यंदा कधी नव्हे त्या बऱ्याचशा खपल्या. पुस्तकाचं शेवटचं वाक्य असं होतं: "गाडी सुरू झाली, तिनं पायरीवर पाऊल ठेवलं आणि मागं".

पाचव्या दिवशी पाचाडच्या खरोखरीच्या एका खानावळवाल्या बाई बिरवाडीला दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पुस्तक, बोट शेवटच्या पानावर.

"बाय, ती गाडीत चढली का नाय गो? आमच्या गाडीत चढणारी दरेक बाई मला आता तीच दिसते."

विहीणबाईंनी पुस्तक हातात घेतलं, शेवटचं पान पाहिलं, आणि छापखानेवाल्याला शिव्या घालायच्या सोडून त्या बाईंना आत बसवून चहा केला. संध्याकाळपर्यंत दोघी बोलत होत्या. मुलगी सांगते की त्या गेल्यावर सासूबाई बराच वेळ नुसत्या ओट्याशी उभ्या होत्या आणि दूध उतू गेलं तरी त्यांना कळलं नाही. त्यानंतर आणखी लोक येत राहिले. कारखान्यातला एक फिटर आला, पोलादपूरकडच्या एका मास्तरांचा फोन आला. छापखानेवाला हात जोडून म्हणाला, तो फॉर्म पुन्हा छापून देतो, तर विहीणबाई म्हणाल्या, "छाप. पण पुस्तकात चिकटवू नको. विचारत येईल त्यालाच देईन."

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा गेलो, जयभीम करून खुर्चीत बसलो. त्यांनी सहज विचारलं, "वाचलंत काय हो व्याही?"

"वाचलं म्हणजे काय," मी म्हणालो, "सगळ्यांत उत्तम शेवट याच पुस्तकाचा. शेवटची पानं वाचताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. विहीणबाईंनी उठून तिच्या हातून बशा घेतल्या. त्यांनी माझ्या बशीत लिंबाची फोड ठेवली आणि उन्हाळा कसा वाढलाय यावर बोलायला लागल्या. निघताना मुलगी फाटकापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, त्या पुस्तकाला शेवटच नाहीये." महाडला गाडी बदलून मी पोलादपूरला घरी पोचेपर्यंत मला मान वर करवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'पाचाडची शेवटची गाडी' उघडली. हसायची तयारी करून बसलो होतो, आणि हसलोही, पण चाळीस पानांनंतर हसायचं राहून गेलं. ती माणसं मला माहीत होती. पिठलं वाढताना एका गिऱ्हाइकाला डावभर जास्त घालणारी ती पोरगी, पाळी संपवून झोप टाकून पाचाड गाठणारा तो. विहीणबाईंनी कितीतरी घरांच्या आतल्या खोलीत रात्र रात्र बसून जे ऐकलं होतं, ते त्यांनी नाडीच्या आकड्यांमध्ये लपवून लिहिलं होतं. ते तुटलेलं वाक्य आलं तेव्हा मी पान उलटून पाहिलं. कोरं होतं. मग मी फळीवरची बाकीची पुस्तकं काढली आणि चार दिवसांत सगळी संपवली. तिसऱ्या कादंबरीच्या सुरुवातीच्या पानावर छापलेलं होतं: "माझे व्याही यांस, जे माझं प्रत्येक पुस्तक मनापासून वाचतात." ही कादंबरी माझ्या घरात सहा वर्षं होती. मी पहिली गाडी पकडून बिरवाडीला गेलो.

"विहीणबाई," मी म्हणालो, "मी तुमचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर घरोघर गोळ्या वाटल्यात मी. गोळी घेतली म्हणणारी कुठली आणि खरी घेतलेली कुठली, तोंडावरनं कळतं."

"मग ते पुस्तक मला का अर्पण केलंत?"

"म्हटलं, कधीतरी उघडाल. स्वतःचं नातं छापलेलं दिसलं तर माणूस पुढचं पान उलटतो. सहा वर्षं वाट बघितली, व्याही."

मला फार वाईट वाटलं. माफी मागायचे शब्द मी गाडीत जुळवून आणले होते, पण ते बाजूला ठेवले. मी एवढंच विचारलं, "ती चढली का हो गाडीत?"

विहीणबाईंनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग उठल्या आणि सोळा पानांचा तो फॉर्म माझ्या हातात न देता मला शेजारी बसवून त्यांनी तो स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला. मधे एकदा त्या पाणी प्यायल्या आणि पुन्हा वाचू लागल्या.

सातवी कादंबरी सध्या चालू आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळे अक्षर मोठं आणि वेग कमी. दर रविवारी मी जातो आणि आठवड्यात झालेली चार-पाच पानं तिथंच बसून वाचतो. आता मी खरं सांगतो, आणि खरं सांगितलेलं त्यांना अजिबात आवडत नाही. आमचे दोन-तीनदा चांगले खटके उडालेत. पण पानं खाली ठेवली की पुढं काय झालं असं मी दर वेळी विचारतो, आणि त्या दर वेळी सांगायचं टाळतात. या वेगानं पुस्तक पुरं व्हायला बरीच वर्षं लागतील, आणि तितकी वर्षं आम्हा दोघांकडेही असावीत असं मला वाटतं.